केडगावातल्या मॅडमचं विमान

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. नंबर विचारला.

मी सवयीप्रमाणे "अठ्ठ्याण्णव..." अशी सुरुवात केली, तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एकेक आकडा सांगा. नऊ. आठ. असं."

मी एकेक आकडा सांगितला. त्यांनी लिहून घेतला, मला परत वाचून दाखवला, मी "बरोबर" म्हटलं, आणि मग म्हणाल्या, "आता नाव."

केडगावात, पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, त्यांचं छोटं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या, वरची खोली भाड्यानं द्यायची होती. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो, कंपनीची बस केडगावच्या चौकात थांबायची, म्हणून मला ती जागा सोयीची होती. पहिल्याच दिवशी मी जिन्यातून विचारलं, "काकू, पाणी किती वाजता येतं?"

"काकू नको. मावशी पण नको. मॅडम म्हणा. एवढी वर्षं तेच ऐकलंय, आता कानाला दुसरं बसत नाही."

तेव्हापासून त्या मॅडम. नुकत्याच रिटायर झालेल्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले, डाव्या कानामागे कायम एक बॉलपेन. मूळच्या तिसगावच्या. वडील तिथल्या बौद्ध वाड्यातले, गवंडीकाम करायचे. एवढ्या मोठ्या घरादारातून सरकारी नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर. सुरुवातीची वर्षं पाथर्डीच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन आणि समोर छिद्रांचा बोर्ड. पुढे फोन आपोआप जुळायला लागल्यावर नगरला तक्रारी ऐकायच्या खुर्चीत. यजमान शिक्षक होते, ते मुलगी दहावीत असतानाच गेले. मुलगी शिकून मेलबर्नला स्थायिक झाली होती. दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलीचा पदवीचा फोटो, आणि त्या फोटोच्या शेजारी रिसीव्हर नसलेला एक काळा टेलिफोन. रिसीव्हर कुठं गेला, हे मी चार वर्षांत तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी "तो कामात आहे" एवढंच उत्तर मिळालं.

मॅडम जगात कुणालाही 'तू' म्हणत नसत. मुलीलाही नाही. गच्चीवर येणाऱ्या मांजराला मी त्यांना बोलताना ऐकलंय: "तुम्ही आत येऊ नका, तुमचे पाय ओले आहेत." खात्यानं लावलेली सवय, म्हणायच्या. पलीकडं कलेक्टर आहे की किराणावाला, बोर्डावर काही कळत नाही, मग सगळ्यांनाच तुम्ही. दुसरी सवय जास्त घोळात टाकणारी होती. आपण बोलता बोलता जरा थांबलो, काही आठवायला लागलो, की त्या लगेच विचारायच्या, "बोलणं चालू आहे?" ट्रंककॉलवर मधे शांतता पडली की ऑपरेटर असं विचारायचे. नवीन माणूस दचकायचा. दूधवाला तर एकदा "व्हय, व्हय, चालूच हाय" म्हणत घाईघाईनं दुधाबद्दलच परत पहिल्यापासून बोलायला लागला होता.

आकडे जोडून म्हणायला त्यांचा एवढा विरोध का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एका रविवारी मी त्यांच्या पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर दुरुस्त करत बसलो होतो, तेव्हा त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

"मी नवीनच लागले होते. मुंबईहून कॉल आला. लाईन खराब. पलीकडचा माणूस ओरडून सांगत होता, एकोणसाठ द्या, एकोणसाठ. मला ऐकू आलं एकोणसत्तर. मी जोडून दिला. निरोप काय होता, तर 'अण्णा गेले.' आता एकोणसत्तर नंबरच्या घरातला पण एक अण्णा मुंबईत कामाला. त्या घरात रडारड. बायकोनं बांगड्या फोडल्या. माणसं जमली. आणि खरं ज्यांचं माणूस गेलं होतं, ते एकोणसाठवाले निवांत जेवत बसले होते."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी एकोणसत्तरचा अण्णा एसटीनं गावात उतरला. सुट्टी काढून आला होता, पोरांना खाऊ घेऊन."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"त्याच्या म्हातारीनं रात्रभरात अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. चार महिन्यांत गेली. मला कुणी काही बोललं नाही. वरच्या साहेबांना पण कळलं नाही. पण त्या दिवसापासून मी आकडा फोडून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा, हे सुरू केलं. लोक वैतागायचे. वैतागू द्या."

हे मी मुद्दाम इथं सांगतोय, कारण त्यांचं विमानाचं वेड इथूनच निघालं. बघणाऱ्याला ते म्हातारपणी चढलेलं खूळ वाटायचं. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं.

झालं असं, की एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. मोबाईल टेबलावर ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा. त्यात दोन माणसं इंग्रजीत भराभर काहीतरी बोलत होती, मधेमधे खरखर.

"ऐका," त्या म्हणाल्या. "हा पायलट. हा जमिनीवरचा. ऐका, काय करतात."

मला नुसते आकडे कळले. टू, सेव्हन, झीरो. मग दुसरा आवाज: टू, सेव्हन, झीरो.

"बघा! आकडा फोडून सांगतात. आणि तो परत वाचून दाखवतो! चुकला तर पहिला लगेच दुरुस्त करतो. जगात सगळीकडं हाच नियम आहे म्हणे." त्यांचा चेहरा उजळला होता. "हे तर आपल्यातलेच निघाले हो. लई भारी माणसं हायेत ही."

एरवी आकाशवाणीसारखं स्वच्छ मराठी बोलणाऱ्या मॅडम फार खूश झाल्या की अशा तिसगावला पोचायच्या.

पंधरा दिवसांनी त्यांना अजून एक शोध लागला होता. घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवता येतं. खेळ नव्हे, अगदी बटणं, काटे, इंधन, वारा सगळं खरं. आणि इंटरनेटवर काही हौशी लोक जमिनीवरचे कंट्रोलर होऊन बसतात, आपण त्यांच्याशी माइकवर बोलून उड्डाण करायचं. घरात मुलीचा कॉलेजातला कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता. त्यांनी त्याच्यावरचा टॉवेल काढला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही इलेक्ट्रिशियन. मी ऑपरेटर. दोघं मिळून याला उडवू. पण पंधरा हजारांच्या वर एक पैसा घालायचा नाही."

त्या यंत्रावर पहिल्यांदा विमान चालू केलं तो प्रकार अजून डोळ्यांसमोर आहे. चालू व्हायलाच वीस मिनिटं लागली. मग धावपट्टी दिसली, आणि विमान ठिगळं लावल्यासारखं पुढं सरकायला लागलं. इथून उचलायचं, तिथं टेकवायचं. वळण घेतलं की चित्र थिजायचं, आणि परत हलेपर्यंत विमान जमिनीत गेलेलं असायचं. कोपऱ्यात एक आकडा दिसत होता: सेकंदाला किती चित्रं पडतात तो. अकरा.

"किती पाहिजेत?"

मी शोधून सांगितलं, निदान तीस.

त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, एक-एक. त्याच्या खाली, तीन-शून्य.

मी कारखान्यातला माणूस. मला वाटलं, यादी काढू, एका दिवसात सगळं बदलून टाकू. मॅडमनी ते चालू दिलं नाही. त्यांचा नियम असा, की एका वेळी एकच वस्तू बदलायची. मग महिना-दोन महिने उडवून बघायचं, वहीत लिहायचं, आणि मगच दुसरी. "दोन तारा एकदम बदलल्या तर आवाज कशानं सुधारला ते कळत नाही," म्हणायच्या. त्यामुळं जे काम दोन तासांचं होतं त्याला अकरा महिने लागले. पण खरं सांगतो, कॉम्प्युटरच्या आत काय काय असतं आणि कशानं काय होतं, हे मी त्या अकरा महिन्यांत शिकलो तेवढं कुठल्या कोर्सात शिकलो नसतो. आधी रॅम वाढवली: विमान धक्के खायचं कमी झालं, पण जमीन अजून उशिरा उगवायची. मग फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली: वीस मिनिटांची दीड झाली. चित्रं मात्र अकराची तेराच. त्या दिवशी वहीत त्यांनी लिहिलं, 'लवकर चालू होतं, पण लवकर चालू होऊन तसंच अडखळतं. दोष दुसरीकडं आहे.'

दोष चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा होता. म्हणजे कार्डच नव्हतं. नवं कार्ड आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून आम्ही जुन्याच्या शोधात नगरला शकीलभाईंकडं गेलो. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान. माणूस जिभेनं तिखट, हातानं सज्जन. बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतली तीन कार्डं त्यांनी काउंटरवर मांडली. मी त्यांच्यावरची वॅटची लेबलं वाचायला लागलो. मॅडमनी पहिलं कार्ड उचललं आणि नाकाला लावलं.

शकीलभाई बघतच राहिले. "मॅडम, ये कार्ड है, खरबूजा नै. सूंगके क्या देखते?"

"एक्स्चेंजमधली रिले जळायच्या एक महिना आधी वास देते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. पहिलं कार्ड बाजूला ठेवलं. दुसरं हुंगलं, तेही बाजूला. तिसरं बराच वेळ हुंगलं. "हे चालू करून द्या. फक्त माझ्याजवळ ठेवा, बघायचं नाही, ऐकायचंय."

शकीलभाईंनी ते एका उघड्या यंत्रात बसवलं. मॅडम डोळे मिटून त्यावर वाकल्या. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही गप्प झाली. मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले. "पंखा थोडा म्हातारा आहे. बाकी साफ आहे. द्या."

या कार्डाची अजून एक चांगली गोष्ट मला दिसली होती. त्याला वेगळी वीजवायर लागत नव्हती, बोर्डाच्या खाचेतूनच भागत होतं, म्हणजे पॉवर सप्लाय बदलायचा खर्च वाचला. मी हे सांगितलं तर मॅडमनी तिथंच वहीत लिहिलं आणि कंसात माझं नाव. आपल्या नावाची एवढी किंमत मला कुठल्या प्रमाणपत्रावर वाटली नव्हती. शकीलभाईंनी पैसे घेतले, आणि निघताना हळूच म्हणाले, "बाकीच्या दोघांत काय वास आला ते सांगून जावा ना." पुढं ती दोन्ही कार्डं बिघडून परत आली, हे त्यांनीच मला सांगितलं.

कार्ड बसवलं, नंतर जुन्या बाजारातलाच एक वरच्या ताकदीचा प्रोसेसर बसवला, आणि आकडा अडतीसवर गेला. मी कारखान्याच्या भंगारातली दोन फिरती बटणं आणि एका मोडक्या जॉयस्टिकचं सर्किट जोडून इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा करून दिला. त्या दिवशी मॅडमनी शिर्डीच्या धावपट्टीवरून छोटं विमान वर काढलं आणि दक्षिणेला वळवलं. त्यांना पहिल्यांदा आपलं गाव बघायचं होतं.

"तिसगाव कुठंय?"

खाली सगळं तपकिरी. एखादा रस्ता, एखादं तळं. करंजीचा घाट तर नावालाही नव्हता.

"घाट सपाट केला ह्यांनी! आणि एवढा मोठा किल्ला नगरचा, तो पण खाऊन टाकला." त्या खरोखर चिडल्या होत्या. "शनिशिंगणापूर तरी दिसतंय का बघा."

मी स्क्रीनला नाक लावलं. "मॅडम, दारं नसलेली घरं वरून ओळखायची कशी?"

"दारांचं काय घेऊन बसलात? इथं घरंच न्हाईत."

मग त्यांनी तळ्यांवरून आणि रस्त्याच्या वळणांवरून तिसगावची जागा अंदाजानं ठरवली आणि त्या मोकळ्या तपकिरी जमिनीवर तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला म्हणाल्या, "आमचं घर इथं हुतं," आणि एवढंच बोलून विमान परत फिरवलं.

माइकवर त्या पहिल्यांदा बोलल्या तो दिवसही सांगायला पाहिजे. पलीकडं चेन्नईकडचा कुणी तरुण कंट्रोलर होऊन बसला होता. मॅडमनी विमानाचं नाव, जागा, उंची सांगितली. आवाज असा लागला, की माझ्या अंगावर काटा आला. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. पलीकडं दोन क्षण शांतता.

"बोलणं चालू आहे?" मॅडम मराठीत म्हणून गेल्या.

तो पोरगा गोंधळला, मग इंग्रजीत म्हणाला, "मॅम, तुम्ही खऱ्या विमानतळावर काम करता का?"

"नाही," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "पाथर्डी एक्स्चेंज."

इथपर्यंत सगळं मौजेचं होतं. पण पुढच्या काही महिन्यांत मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. मॅडमनी छोटी विमानं सोडली. एकदम मोठं प्रवासी विमान घेतलं. त्याचे आवाज त्या वहीत लिहायला लागल्या. चाकं आत घेताना धप्प होतं, चौथ्या मिनिटाला इंजिनाचा आवाज उतरतो, उतरायच्या आधी पंखांच्या मागच्या झडपा बाहेर येताना किरकिर होते. प्रत्येक आवाजापुढं कारण. मौज म्हणून कुणी एवढं करत नाही. मी विचारलं, तर "माहीत असलेलं बरं" एवढंच म्हणाल्या.

उत्तर मला त्यांच्या मुलीकडून मिळालं. तिचा एक दिवस मला फोन आला. आधी घराची गळती वगैरे चौकशी केली, मग म्हणाली, "दादा, आई काही बोलली का तुम्हाला? मला सातवा महिना लागतोय. मी आईचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा तिनं रद्द करायला लावलं."

"नाही बोलल्या. पण त्या तर रोज विमानातच असतात."

मग तिनं सांगितलं. "माझ्या लग्नाच्या वेळी ती विमानतळापर्यंत गेली होती. बॅग आत गेली. आणि आई गेटजवळून परत फिरली. लग्न तिनं मोबाईलवर बघितलं. आम्ही दोघी आजपर्यंत त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही."

त्या संध्याकाळी मी खाली गेलो. मॅडम ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सरळच सांगितलं, की मुलीचा फोन आला होता. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"उंचीची भीती नाही मला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल म्हातारी घाबरली. तिथं गेट बदलल्याचं सांगितलं स्पीकरवर. गर्दी, पोरं रडतायत, मला नीट ऐकू आलं नाही. चौसष्ट की सदुसष्ट. मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असेल काहीतरी, सगळे जातील तिकडं जायचं. त्या हसत होत्या हो. आणि सगळे खरंच उठून चालायला लागले. एकानं पण आकडा परत विचारला नाही. मला वाटलं, ही एवढी माणसं, आणि कुणालाच माहीत नाही. आत गेलं की दार लावणार, आणि मग काय चाललंय ते मला ऐकू पण येणार नाही." त्यांनी पदरानं हात पुसले. "पोरीचं लग्न बुडवलं मी. एका आकड्यापायी."

मी काही बोललो नाही. त्यांनीही "बोलणं चालू आहे?" असं विचारलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला एकदा तो रस्ता पूर्ण बघायचाय. मुंबई ते मेलबर्न. पळवायचा नाही, जेवढा वेळ लागतो तेवढा. तुम्हाला शनिवारी सुट्टी असते ना?"

एप्रिलचा शनिवार होता. सकाळी सहाला त्यांनी विमान उचललं. मी शेजारच्या खुर्चीत, थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या. उन्हाचा ताप वाढणार म्हणून मी कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला होता, आणि लाईट गेली तर म्हणून इन्व्हर्टरवर घरातला दुसरा एकही दिवा न ठेवता सगळा भार या एकाच यंत्राला मोकळा केला होता. अकराच्या सुमाराला लाईट गेलीच. इन्व्हर्टरनं झेललं. टेबलफॅन मात्र बंद झाला, तो भार मी जोडला नव्हता. पन्नास मिनिटांनी लाईट आली. तोवर श्रीलंका केव्हाच मागं पडून खाली नुसता समुद्र होता. निळ्या पडद्याकडं मॅडम असं बघत होत्या, जसं खिडकीतून बघावं. जेवल्या तिथंच. पाय मोकळे करायला उठल्या तर मला खुर्चीत बसवून सांगून गेल्या, "कशाला हात लावू नका. फक्त ऐका."

दीडच्या सुमाराला पडद्यावर ऑस्ट्रेलियाचा किनारा आला. लाल जमीन. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मॅडमनी हात वर केला.

"ऐकू येतंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"कार्डाचा पंखा. आवाज बदलला."

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्डाच्या पट्टीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात मोटरीचं बेअरिंग आम्ही असंच तपासतो. खरंच, आत खसखस दळल्यासारखं वाजत होतं. मधल्या तासाभराच्या उष्णतेनं त्या म्हाताऱ्या पंख्याची उरलीसुरली ताकद संपत आली होती.

"मॅडम, साडेतीन तास राहिलेत. टेबलफॅन एकदम जवळ आणतो, चित्रांचा दर्जा कमी करू, ओढून नेऊ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कारखान्यात मोटर अशी वाजली तर तुम्ही काय करता?"

"बंद करतो."

"आणि आत माणसं बसलेली असली तर?"

मी टेबलफॅन उचलला. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला. पलीकडं त्या भागाचा कुणी हौशी कंट्रोलर बसलेला होता, वयस्कर आवाजाचा. मॅडमनी त्याला यंत्रातला बिघाड सांगितला आणि जवळचा विमानतळ मागितला. त्यानं पर्थची दिशा दिली. मॅडमनी ती एकेक आकड्यात परत वाचली. एका जागी त्या चुकल्या, एवढे कान टवकारूनही. त्यानं लगेच थांबवलं, आकडा पुन्हा सांगितला, आणि त्यांनी बरोबर म्हटल्यावर म्हणाला, "घाई नाही मॅम. मी इथंच आहे."

पुढचा सव्वा तास मी टेबलफॅन हातात धरून उभा होतो. त्या विमान खाली आणत होत्या, तो बाकीच्या विमानांना बाजूला करत होता. तीन वाजायच्या आत पर्थला चाकं टेकली. पडद्याबाहेर हे सगळं केडगावातल्या एका खोलीत, पत्र्याच्या टेबलावर चाललं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी विमान पुरतं थांबेपर्यंत मी फॅन खाली ठेवला नाही.

कॉम्प्युटर बंद केला. मी म्हणालो, "थोडक्यात राहिलं."

"काय राहिलं?"

"मेलबर्न."

मॅडम हसायला लागल्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "आवो, मला हेच तर बघायचं हुतं. बिघडल्यावर कोन कुनाला सांगतं, आन पलीकडं ऐकनारं कुनी हाय का न्हाई. मी चुकले, त्यानं धरलं. धरलं का न्हाई?"

"धरलं."

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. "तिकीट काढा," एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. मी फॅन उचलून वर निघून आलो.

मे महिन्यात मी त्यांना गाडी करून विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. दारापाशी बॅग माझ्या हातातून घेतली, "निघते, घराकडं लक्ष ठेवा," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मात्र निघालो नाही. ड्रायव्हरला सांगितलं, थांब. मागच्या वेळी त्या गेटापर्यंत जाऊन परतल्या होत्या. उद्या दारातून बाहेर आल्या आणि समोर ओळखीचं कुणीच नसलं तर? विमान सुटायच्या वेळेनंतरही मी तासभर त्या दाराकडं बघत कठड्यावर बसून होतो. आखूड केसांची प्रत्येक बाई मला त्याच वाटायची. शेवटी ड्रायव्हरनंच मला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. पोचल्या. तिचा आवाज रडून बसलेला होता, पण हसत होती. मी म्हटलं, जरा मॅडमना द्या.

"काय मॅडम, कसं झालं? चाकं आत घेताना धप्प झालं का? चौथ्या मिनिटाला आवाज उतरला का? सगळे आवाज वहीतल्यासारखेच होते ना?"

पलीकडं शांतता. मला वाटलं लाईन तुटली.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात शरम होती, आणि शरमेच्या खाली काहीतरी वेगळं. "पट्टा बांधला आणि मला झोप लागली हो. पायलट बोलला असेल, ते पण ऐकलं नाही. दोनदा जेवण आलं म्हणे. उतरल्यावर विमानातल्या पोरीनं खांदा हलवून उठवलं."

"एवढे सगळे तास?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं नोकरी झाली. पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी ड्युटीवर हुतं."